खसरा क्रमांक दोनशे सोळा

नगर तथा ग्राम निवेशच्या दुसऱ्या मजल्यावर
आधी फायलीला नंबर मिळतो, मग फायलीला खुर्ची मिळते,
माणसाचं त्यानंतर बघतात.
माझ्या काखेत नळी, नळीत कॉलेजचा नकाशा.
इतक्या वेळा गुंडाळलाय
की टेबलावर पसरला तरी आपणहून मिटतो,
त्यालाही घरी जायचं असावं.

मागणी साधी. खसरा क्रमांक दोनशे सोळा,
मेट्रोच्या जिन्यापासून एकशे ऐंशी पावलं,
पिवळा आहे, राखाडी करून द्या.
पिवळा म्हणजे राहणं. राखाडी म्हणजे गाड्यांचं थांबणं.
चारचाकी दोनशे बारा, दुचाकी साडेतीनशे.

तोमरसाहेब चष्मा कपाळावर चढवतात:
"ट्रेन गेट तक आ रही है, तो गाड़ी किसलिए?"
प्रश्न खरा आहे. मी पाठ करून आणलेलं उत्तरही खरं आहे.
साहेब, ट्रेन गेटपर्यंत येते,
पण मुलं गेटपासून निघत नाहीत.
ती देपालपूरहून निघतात, हातोदहून, सांवेरच्याही पलीकडून,
बापाच्या मोटरसायकलवर, तासभर धूळ खात,
आणि ती मोटरसायकल कुठंतरी ठेवावी लागते
शहराला हात लावण्याआधी.
साहेब मान हलवतात.
होकाराची नव्हे, ऐकल्याची.
सत्तावीस वर्षं नोकरी केली की एवढा फरक कळतो.

जाहिरात छापून आली. हरकतींना तीस दिवस.
एकोणतीस दिवस कोणी फिरकलं नाही.
तिसाव्या दिवशी, पावणेपाचला, वहीचं फाडलेलं पान:
शरयू दिघे, वय बहात्तर,
वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत पूर्वी सहायक.
गाड्यांना माझी हरकत नाही.
हरकत 'रिक्त भूमि' या दोन शब्दांना आहे.
तिथं तीन ते पाच पाण्याच्या टाकीची सावली पडते.
तिच्यात इस्त्रीवाला लखन बसतो, त्याची बायको,
बस चुकलेल्या दोघीतिघी,
आणि मी.
आधी सावली दाखवा, मग काय ते करा.

तर मे महिन्यात मी टेप घेऊन सावली मोजायला गेलो.
दुसरं टोक बाईंनी धरलं.
चुन्याची रेघ ओढेपर्यंत ती वीतभर पुढे गेलेली.
"बोलत बसू नका," बाई म्हणाल्या, "सरकतेय."
लखननं कोळशाची इस्त्री उचलून
आम्हाला वाट करून दिली, हसला नाही.

ऑफिसात येऊन सूची उघडली.
नाल्याला चिन्ह आहे, मसणाला आहे,
उच्चदाबाच्या तारेला तर दोन आहेत.
शेवटी चार एचच्या पेन्सिलीनं
तिरप्या रेघा मारल्या, हलक्या हातानं,
कोणी विचारलंच तर खोडता याव्यात अशा.

सुनावणीला विचारलंच.
"ये क्या है?"
"छाया है, सर."
"किसकी?"
मी शरयूबाईंकडे पाहिलं. त्या पंख्याकडे पाहत होत्या.
"टंकी की, सर."
सही झाली. अटी तीन: फाटकं दोन,
पावसाच्या पाण्याला उतार, झाडं अकरा.

प्रमाणित प्रत आली तेव्हा कळलं
झेरॉक्सला पेन्सिल दिसत नाही.
दोनशे सोळा स्वच्छ, कोरं, राखाडी.

आता चार वाजता या कधी.
एक्केचाळीस ते सत्तावन्न या जागांसाठी
दोन प्राध्यापक एकमेकांवर हॉर्न वाजवताना दिसतील.
सगळ्यांच्या गाड्यांना सावली हवीय.
लखनचं टेबल फाटकाशी गेलं, उन्हात,
त्याला ताडपत्री देववली, ती उडते.

पट्टे मीच आखून घेतले. पिवळा ऑइल पेंट, चार इंच रुंद.
अठ्ठेचाळीसनंतर पन्नास.
मजुरानं विचारलं, मध्ये जागा सुटलीय, बाबूजी.
म्हटलं, सुटू दे.
फायलीत दोनशे बारा आहेत.
अजून कोणी जमिनीवर मोजलेलं नाही.
बाईंनी तिथं घडीची खुर्ची आणून ठेवलीय,
साखळीनं बांधलेली, कुलपाची एक किल्ली माझ्याकडे.